विंचू उतरायला लागलेले तीन महिने

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत मी डाव्या हातावर विंचू गोंदवून घेतला, आणि माझ्या आधीच्या माणसाचं रक्त सुईवर दिसत असताना घेतला.

मला कोणी फसवलं नाही, कोणी धरून बसवलं नाही. मी रीतसर रांगेत उभा होतो. गाडीच्या बॅटरीवर चालणारं एक यंत्र, एक सुई, बशीत हिरवट काळी शाई आणि सुई पुसायला एकच फडकं. त्या फडक्याचा मूळ रंग कोणता होता हे सांगायला जाणता माणूस लागला असता. माझ्या पुढे हायवेवरचा एक ट्रकड्रायव्हर बसला होता. छातीवर कुणाचं तरी नाव काढून घेताना तो दात विचकून हसत होता आणि नावाच्या शेवटच्या अक्षरातून रक्ताचा ओघळ पोटाकडे निघाला होता. ते बघून मी मनात म्हटलं, काय गडी आहे. मग मी बसलो.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. मी तेव्हा किन्हवलीच्या पुढे एका दोनशिक्षकी शाळेत मास्तर होतो. मार्गशीर्षात साखरपुडा झाला होता, लग्न माघाच्या शेवटाला धरलं होतं, आणि मधे पौष, म्हणजे लग्नकार्यं बंद आणि जत्रा चालू. काकांना बैलजोडी घ्यायची होती म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. काका आणि व्यापारी पंच्याखाली एकमेकांची बोटं दाबत सौदा करत होते. ते दोघे तासभर एकमेकांचे हात धरून बसणार हे दिसल्यावर मी फिरायला निघालो. मुलगी मुरबाडकडची, कॉलेजात शिकणारी. साखरपुड्यात तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं आणि त्या पाहण्यात फारसं कौतुक नव्हतं. मास्तर म्हणजे मिळमिळीत, असं काहीसं. विंचवाचा उगम तिथे आहे.

मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दीडच महिना आधी, एड्स दिनाला, मीच पोरांची प्रभातफेरी काढली होती. शाळेच्या भिंतीवर हा रोग कसा पसरतो त्याची चार कारणं निळ्या रंगात मीच लिहिली होती; अक्षर माझं चांगलं आहे. चौथं कारण अगदी खाली आलं आणि कोणीतरी त्याच्यापुढे सरपणाची मोळी टेकवून ठेवली, त्यामुळे येता-जाता तीनच वाचली जात. जत्रेनंतर चारआठ दिवसांनी मोळी चुलीत गेली आणि मला माझ्याच अक्षरात वाचायला मिळालं: दूषित सुयांमुळे. मी तिथेच उभा राहिलो. हातावरच्या विंचवाला खपली धरली होती आणि ती खाजत होती.

त्या दिवसापासून मी आजारी पडायला सुरुवात केली.

प्रशिक्षणात मिळालेली एक पुस्तिका माझ्याकडे होती. तिच्यातली लक्षणं मी एकेक करून अंगावर आणली. ताप: सर्दीमुळे कणकण होतीच. जुलाब: जत्रेतली भजी खाल्लेल्या आमच्या घरातल्या सगळ्यांनाच झाले होते, पण माझे वेगळे वाटायला लागले. मानेत गाठी: त्या सापडेपर्यंत मी शोधल्या. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की माझा हात आपोआप जबड्याखाली जाई. एकदा वळून पाहिलं तर अख्खी चौथी दोन बोटांनी मान दाबत बसलेली. मी विचारलं, काय चाललंय? तर एकजण म्हणाला, "गुरुजी, तुमी करताव म्हून."

वजन घटणं हे सगळ्यात मोठं लक्षण. आसनगाव स्टेशनावर रंगीत दिवे लागणारं वजनाचं यंत्र होतं. त्यात नाणं टाकलं की जाड तिकीट बाहेर पडे, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. मला लोकलनं कुठेही जायचं नसे, तरी मी शाळा सुटली की तिथे जायचो. एक दिवस वजन दीड किलो कमी भरलं. तिथल्याच बाकावर बसलो. तिकिटामागे लिहिलं होतं की मी प्रेमळ आहे आणि मला लवकरच सुवार्ता कळेल. मग लक्षात आलं की आदल्या खेपेला खांद्याला डब्याची पिशवी होती. आनंदानं उठलो, पिशवी खांद्याला अडकवून पुन्हा वजन केलं, ते बरोबर भरलं, आणि घरी जाताना रस्त्यात पुन्हा शंका आली की डब्यात आज भाकरी जास्त उरली होती.

हे आता हसत लिहितो आहे. तेव्हा मात्र मला दुसरीच एक गोष्ट दिसत होती. आमच्या शाळेपासून जवळच्या पाड्यावर एक विधवा राहायची. तिची पोरगी माझ्याच वर्गात. नवरा हायवेवर गाडी चालवायचा, झिजून गेला, आणि त्यानंतर सासरच्यांनी हिलाच बोल लावून माहेरी धाडलं होतं. कशानं गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ती पोरीला सोडायला शाळेपर्यंत येई, पण पायरी चढत नसे. आता मी तिच्याकडे पाहिलं की मनात एकच हिशेब चाले: हिच्या लग्नात हिला कोणी काही विचारलं होतं का? हळद लागली, अक्षता पडल्या, आणि जे व्हायचं ते तिच्या नकळत तिच्या अंगात गेलं. मी माघात बोहल्यावर उभा राहिलो तर मुरबाडच्या त्या मुलीचंही असंच होऊ शकत होतं. फरक इतकाच की तिचा नवरा कदाचित अजाण असेल. मला निळ्या अक्षरांत ठाऊक होतं.

म्हणून मी कल्याणला गेलो, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं. स्टेशनाबाहेर एका डॉक्टरांची प्रयोगशाळा होती. रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी अहवाल आला: काही नाही. मी डॉक्टरांचे पाय धरायचाच बाकी होतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "भीती वाटावी असं काही घडलं होतं का? कधी?"

"जत्रेत, साहेब. दोन आठवडे झाले."

"मग हा कागद जत्रेला जायच्या आधीच्या तुमच्याबद्दल बोलतोय," ते म्हणाले. "तो माणूस निरोगी होता. आत्ताच्या माणसाचं मला अजून सांगता येत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. तपासणीत विषाणू दिसत नाही. शरीर त्याच्याशी लढायला जे तयार करतं ते दिसतं, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. तीन महिने झाल्यावर या, तेव्हा जे येईल त्यावर विश्वास ठेवता येईल. ताप, गाठी, वजन यांवरून काहीच ठरत नाही. ज्यांना झालाय त्यांना वर्षानुवर्षं काही होत नाही आणि ज्यांना नाही तेच मान चाचपत बसतात. हे म्हणताना त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हात जबड्याखाली होता. गोंदण्यातून लागण्याची शक्यता कमीच आहे, असंही ते म्हणाले. "पण कमी म्हणजे नाही, असं मी लिहून देणार नाही. तोवर सांभाळून राहा. लग्न झालंय?"

"माघात आहे."

"मग पुढे ढकला," ते म्हणाले, जणू एसटीची पुढची गाडी पकडा.

घरी मी काय सांगणार होतो? लग्न पुढे ढकला, का, तर विंचू? पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मी विंचूसुद्धा अजून आईला दाखवला नव्हता. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आमच्या घरचं पाणी बंद झालं असतं, हे मी त्या पाड्यावर बघितलं होतं. तेव्हा मी माझ्या मते फार हुशारीची युक्ती काढली.

आमच्याकडे लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि जातो. खरं लग्न लावते ती धवलारीण. हळद दळण्यापासून मांडवात देवांना बोलावण्यापर्यंत तिची गाणी लागतात, आणि तिच्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. आमच्या पंचक्रोशीत चांगली धवलारीण एकच, आणि तिच्या तारखा बघून लोक मुहूर्त धरत. मी ठरवलं की तिनं माघातल्या त्या दिवशी जमत नाही म्हणायचं, की आपोआप लग्न पुढे जाईल. म्हशाहून आणलेलं घोंगडं काखेत मारून मी तिच्या ओटीवर जाऊन बसलो.

म्हातारी तांदूळ पाखडत होती. माझं सगळं बोलणं तिनं सूप न थांबवता ऐकलं.

"मी नाय आली तर तुझा बापूस दुसरी आणील," ती म्हणाली. "नुसती घशातून गाणारी. लगीन कशाला थांबंल? खरं काय ता सांग."

"खरं काही नाही, आजी."

"पोरगी पसंत नाय?"

इथे मला सत्य सांगायची संधी होती आणि खोटं सांगायचीही होती. मी तिसरंच केलं. मी म्हटलं, "तसंच समज."

तिनं सूप खाली ठेवलं, घोंगडं हातात घेऊन लोकर कशी आहे ते बघितलं आणि आत नेऊन ठेवलं. तिचं माहेर मुरबाडकडचं होतं. मुलीच्याच गावातलं. मुलीच्या आईला ती लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेली होती. हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आठवडा गेला नाही तोच निरोप आला. निरोप वडलांना आला असता तर काय झालं असतं हे मला कल्पनेतही आणवत नाही, पण तो आला मला, शाळेत, मुलीच्या वहिनीच्या ओळखीच्या एका बाईकडून: रविवारी मुरबाडच्या स्टँडासमोरच्या रसवंतीत या, तिला बोलायचंय.

मी पोचलो तेव्हा दोघी बसल्या होत्या. वहिनी रसाचा पेला घेऊन पलीकडच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसली, आणि इतकी ताठ बसली की तिला शब्दन् शब्द ऐकू जातोय हे पाठीवरूनच कळत होतं. चरकाचे घुंगरू वाजत होते, म्हणून आम्हाला जरा मोठ्यानंच बोलावं लागलं.

"घरी दादा लगीन मोडायचं म्हनतो," ती म्हणाली. "आबांच्या कानावर जायच्या आधी मी त्याला थांबवलाय. दुसरी कोन हाये?"

"कोणी नाही."

"मग मी पसंत नाय?"

"पसंत आहेस."

"मग म्हातारीला काय सांगून आलाव?"

मी शर्टाची बाही वर केली. तिनं विंचवाकडे बघितलं. खपली पडून गेली होती, आकृती वाकडी आली होती, नांगी एकीकडे आणि पाय सातच. मी सगळं सांगितलं: रांग, ड्रायव्हर, फडकं, भिंत, कल्याणचे डॉक्टर, तीन महिने. वहिनीच्या पेल्यातला रस तसाच राहिला होता.

"त्या ड्रायव्हरला तो रोग हाये का?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग तुमालाच हाये म्हनून कसं ठरवलाव?"

"ठरवलं नाही. माहीत नाही म्हणूनच तर."

तिनं चरकाकडे तोंड वळवलं. "मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"गोंदवताना नाय वाटली?"

मी बाही खाली ओढली. मग ती म्हणाली, "आनि तसंच निघालं तर?"

हे मात्र मी ठरवून आलो होतो. मी मोठ्या त्यागी आवाजात म्हटलं, "तर लग्न मोडायचं. सगळा दोष मी माझ्यावर घेईन."

"तुमी घ्याल," ती म्हणाली. "पन लोक माझ्याकडंच बघतील. ठरलेलं मोडलं म्हंजे पोरीत कायतरी असंल, असंच म्हनतील. तुमाला एक पोरगी गेली की दुसरी. माझं तसं नाय."

मी इतके दिवस तिला वाचवायच्या गोष्टी मनात रचत होतो. तिच्या बाजूनं मोडलेलं लग्न कसं दिसतं हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी मार्ग तिनंच काढला. तिची बी.ए.ची शेवटची परीक्षा चैत्रात होती. लग्नाआधी ती देऊ द्या, असं तिनं साखरपुड्याच्या वेळीच वडलांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते उडवून लावलं होतं; सासरी जाऊन दे, म्हणाले. आता तिनं घरी जाऊन सांगितलं की परीक्षा दिल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. यापलीकडे एक अक्षर बोलली नाही. वडलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडे आई म्हणाली, शिकलेली पोरगी आणायची तर असंच व्हायचं. काका म्हणाले, आत्ताच ऐकत नाय, पुढं काय ऐकंल. मी तिथेच बसून हे ऐकत होतो आणि भात कालवत होतो. लग्न वैशाखात गेलं. तिच्या नावावर.

त्या मधल्या दिवसांत आम्ही भेटलो नाही. मी स्टेशनावरच्या यंत्राकडे जाणं बंद केलं. डॉक्टरांवर विश्वास बसला होता असं नाही; पण ती दुपारी घरच्यांच्या रागात बसून अभ्यास करत असेल आणि मी इकडे डब्यासकट वजन करतोय, हे चित्र मला सहन होईना. गाठी मात्र चाचपत होतो. त्या विधवेची पोरगी एक दिवस आजारी पडली तेव्हा मी चौकशीला पाड्यावर गेलो. बाईनं तांब्या पुढे केला, पण दोन हात लांबूनच, खाली जमिनीवर ठेवून, मी घेणार नाही हे गृहीत धरून. मी पाणी प्यालो. ती बघत राहिली. त्या पाण्यानं काही होत नाही हे मी प्रभातफेरीत ओरडून सांगितलं होतं, पण प्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

चैत्र संपताना मी पुन्हा कल्याणला जाऊन रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी या. आणि घरी आलो तर कळलं, उद्याच दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला कल्याणला जाणार. दिवस चांगला होता, परीक्षा संपली होती, आणि मोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी काय कारण सांगून थांबवणार? कारणं सांगायचं माझं कसब मला कळून चुकलं होतं.

कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्ही घरं समोरासमोर बसली. तिच्या वडलांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तिच्याकडे बघितलं नाही. साड्या उलगडायला लागल्या. मी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन महिने तिनंही मोजले होते, तिला कळलं. मी चपलांचं बघून येतो असं पुटपुटून बाहेर पडलो.

प्रयोगशाळेत डॉक्टर जेवायला गेले होते. मी बाकावर बसलो. समोर एक बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि मूल माझ्या बाहीचं बटण ओढत होतं. मला राहून राहून वाटत होतं की तिकडे आता शालू निवडून झाला असेल, रुमालात बांधला असेल, आणि मी काय घेऊन परत जाणार आहे ते कोणालाच माहीत नाही, मलाही. डॉक्टर आले, त्यांनी कागद बघितला आणि मला आत बोलावलं. "आता हा कागद तुमचाच आहे," ते म्हणाले. "काही नाही. जा, लग्न करा. आणि गोंदवून घ्यायचं असेल तर बायकोकडून मेंदी काढून घ्या."

दुकानात शिरलो तर गादीवर साड्यांचा ढीग कमरेएवढा झाला होता. दुकानदार घामाघूम. माझी आई तोंड आवळून बसलेली. मी गेल्यापासून नवरीनं एकही साडी पसंत केली नव्हती. ही भडक, ती फिकी, त्या काठाला जर नाही, ह्या पदराला फार. तिची आई तिला चिमटे काढत होती, वहिनी खाली मान घालून पोलक्याचे तुकडे मोजल्यासारखं करत होती. ती मात्र माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

तिनं हातात असलेली साडी खाली ठेवली. कुठली होती ते तिनं बघितलंही नाही.

"ही चालंल," ती म्हणाली.

मग चहा आला, मंडळी हसायला लागली, तिचे वडील दुकानदाराशी भाव करू लागले. दुकानाच्या मागच्या बाजूला पाण्याचं पिंप होतं. मी तिथे गेलो, मागून तीही पेला घेऊन आली. मला वाटलं, आता ही दोन गोड शब्द बोलेल. तीन महिन्यांत मी ते मनात बरेच वेळा ऐकले होते. तिचे डोळे भरले होते. तिनं पाणी भरलं, सावकाश प्याली, पेला विसळला.

"मी परीक्षेचं कारन सांगितलं, तं आबा माझ्याशी बोलत नाय," ती म्हणाली. "तुमी काय केलाव? एका म्हातारीला घोंगडं दिलंव. रोग नाय, ता बरं झालं. पन येवढ्या भित्र्या मानसासंगं जलम काढायचा, त्याला औषद हाये का, ता पन विचारून यायचं व्हतं."